एकच काचपट्टी, तीन रिपोर्ट

गेल्या वर्षी मे महिन्यात मी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक प्लास्टिकचा डबा होता. डब्यात सहा काचपट्ट्या आणि मेणाचे चार छोटे ठोकळे होते. ते हातात देताना लॅबमधल्या माणसाने दोनदा बजावले होते, "उन्हात ठेवू नका, मेण आहे." सोलापूरचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. रात्रभर मी तो डबा उशाशी घेऊन पडून होतो. त्यात माझ्या खालाच्या मुलाच्या मोठ्या आतड्याचे तुकडे होते. ते आतडे पोटात ठेवायचे की काढून टाकायचे, हे त्या तुकड्यांवरून ठरणार होते.

भाईजान पंचेचाळिशीचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतात. गेली चौदा वर्षे त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडते. औषधाने महिनोन्‌महिने बरे असते, मग पुन्हा उसळते. सुरुवातीची दोन वर्षे मूळव्याध समजून गावठी औषधे घेण्यातच गेली. अशा जुन्या कोलायटिसमध्ये आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासणी केली आणि ठिकठिकाणचे तुकडे बायोप्सीला पाठवले.

पहिला रिपोर्ट आला : लो ग्रेड डिस्प्लेझिया. म्हणजे पेशी बिघडू लागल्या आहेत, कॅन्सर अजून नाही, पण त्या वाटेवर आहेत. सर्जन म्हणाले, पूर्ण मोठे आतडे काढणे सर्वांत सुरक्षित. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सुचवले, आधी त्याच काचपट्ट्या दुसरीकडे दाखवा. पुण्याच्या लॅबने लिहिले : डिस्प्लेझियाबाबत अनिश्चित, दाह तीव्र. मुंबईला लिहून मिळाले : हे बदल दाहामुळे झालेले दिसतात, डिस्प्लेझिया नाही, दाह आटोक्यात आणून पुन्हा बायोप्सी करावी.

काचपट्ट्या त्याच, माणूस तोच, रिपोर्ट तीन. खाला डोक्याला हात लावून म्हणाली, "तीन डाक्टरां, तीन बातां. अब किसकी सुनना?"

तिच्या या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर वर्षभर वाचत गेलो, डॉक्टर मित्रांना छळत राहिलो, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. जगभरातले पॅथॉलॉजिस्ट गेली चाळीस वर्षे स्वतःलाच हा प्रश्न विचारत आहेत. त्यांनी त्याची मोजणीही केली आहे. ती मोजणी आपल्यापर्यंत, म्हणजे पेशंटपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, पॅथॉलॉजिस्टांमध्ये मतभेद होतात यात दोष नाही. तो मतभेद पेशंटला न सांगता आतडे काढण्याचा निर्णय एकाच वाचनावर घेणे, हा दोष आहे.

काचेवर नेमके काय दिसते?

आपल्याकडे बायोप्सीचा रिपोर्ट म्हणजे रक्तातल्या साखरेसारखा मशीनने काढलेला आकडा असावा, असा समज आहे. तसे नसते. दुर्बिणीतून घेतलेला ज्वारीच्या दाण्याहूनही लहान तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात. त्या ठोकळ्याचे केसाहून कितीतरी पातळ, चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात. ते काचेवर पसरून दोन रंगांत रंगवतात. पेशीचे केंद्रक निळे-जांभळे दिसते, बाकीचा भाग गुलाबी. यापुढे सगळे काम डोळ्यांचे. केंद्रके मोठी झाली आहेत का, गडद झाली आहेत का, एका ओळीत आहेत की एकमेकांवर चढली आहेत, पेशी वर सरकताना परिपक्व होतात की तशाच राहतात, हे पॅथॉलॉजिस्ट बघतो आणि ठरवतो.

अडचण अशी की, दाह झालेले अस्तर स्वतःला दुरुस्त करत असते तेव्हाही पेशी घाईने वाढतात. त्यांचीही केंद्रके मोठी आणि गडद दिसतात. जखम भरणारी पेशी आणि बिघडू लागलेली पेशी एका टप्प्यावर जवळजवळ सारख्या दिसतात. ज्याला कोलायटिस आहे त्याच्या आतड्यात तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, शेजारी शेजारी घडू शकतात.

1983 साली रॉबर्ट रिडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक वर्गवारी मांडली. डिस्प्लेझिया नाही, अनिश्चित, आणि आहे. 'आहे' असेल तर लो ग्रेड की हाय ग्रेड. आजही जगभर रिपोर्ट साधारण याच भाषेत लिहिले जातात. यातला 'अनिश्चित' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मला माहीत नाही, असे म्हणण्याची अधिकृत जागा या शास्त्राने स्वतःहून ठेवली आहे. आपल्या व्यवहारात मात्र ती जागा वापरणाऱ्या डॉक्टरकडे 'याला काही कळत नाही' अशा नजरेने बघतात. आम्हीही पुण्याच्या रिपोर्टकडे पहिल्यांदा तसेच बघितले होते.

सोलापुरात चादरीच्या सुताला रंग देणारे जुने कारागीर आहेत. दोन लच्छ्या एकाच छटेच्या आहेत की नाहीत, यावर दोन मुरलेल्या माणसांत वाद होतो. लाल आणि हिरव्यावर कधी होत नाही. डाळिंबी आणि त्याहून थोड्या गडद डाळिंबीवर होतो. पॅथॉलॉजिस्टांचेही तसेच आहे. उघड कॅन्सरवर किंवा सरळ निरोगी अस्तरावर फारसे कोणी भांडत नाही. वाद मधल्या पट्ट्यात असतो, आणि पेशंटच्या आयुष्याचा निर्णयही नेमका त्याच पट्ट्यात अडकतो.

एकमत मोजायचे कसे?

समजा, दोन पॅथॉलॉजिस्टांना शंभर काचपट्ट्या दिल्या आणि ब्याऐंशी ठिकाणी त्यांचे उत्तर जुळले. ऐकायला छान वाटते. पण दोघांनीही काचेकडे न बघताच मनाला येईल त्या दहा पट्ट्यांवर 'आहे' आणि नव्वदवर 'नाही' असे लिहिले असते, तरी सरासरी ब्याऐंशी ठिकाणी उत्तर जुळलेच असते. नव्वद टक्क्यांच्या नव्वद टक्के म्हणजे एक्क्याऐंशी, आणि दहा टक्क्यांच्या दहा टक्के म्हणजे एक. ही निव्वळ योगायोगाची जुळणी वजा करून खरे एकमत किती उरते, ते मोजण्यासाठी जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये 'कप्पा' नावाचे माप दिले. कप्पा एक असेल तर पूर्ण एकमत. शून्य असेल तर नाणेफेक.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमधल्या डिस्प्लेझियावर या मापाने अनेकदा तपासणी झाली आहे. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये पोटविकारांचे खास पॅथॉलॉजिस्ट आणि सर्वसाधारण पॅथॉलॉजिस्ट अशा दोन्ही गटांना त्याच काचपट्ट्या वाचायला दिल्या गेल्या. एकमत कमी निघाले, आणि तज्ज्ञांचा गट सर्वसाधारण गटाच्या फार पुढे नव्हता. 2002 मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी काचपट्ट्यांची डिजिटल छायाचित्रे इंटरनेटवरून वेगवेगळ्या ठिकाणच्या वाचकांना पाठवली आणि प्रत्येकाकडून निदान मागवले. चित्र तेच राहिले. दोन टोकांना, म्हणजे 'डिस्प्लेझिया नाही' आणि 'हाय ग्रेड' इथे मते बऱ्यापैकी जुळली. 'अनिश्चित' आणि 'लो ग्रेड' इथे विखुरली.

भाईजानचा पहिला रिपोर्ट लो ग्रेड होता, दुसरा अनिश्चित. म्हणजे आमच्या घरात जे घडले ती कोणाची हलगर्जी नव्हती. जगातल्या चांगल्या चांगल्या डोळ्यांचे जिथे जुळत नाही, त्याच जागी आमचे तीन डॉक्टर वेगळे पडले होते. पहिला डॉक्टर चुकला असे मी म्हणणार नाही. त्यांनी जे दिसले ते लिहिले. पण 'या जागी दुसऱ्याचे मत वेगळे पडू शकते' ही गोष्ट त्यांना माहीत होती, सर्जनला माहीत होती. फक्त ज्याचे आतडे जाणार होते त्याला माहीत नव्हती.

म्हणूनच कोलायटिसमध्ये डिस्प्लेझियाचे निदान झाले, तर ते पोटविकारांत अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पक्के करावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. 2015 च्या 'सीनिक' या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर तर उपचाराचा विचारही बदलला. दुर्बिणीला स्पष्ट दिसणारा बिघडलेला भाग पूर्णपणे काढता येत असेल, तर तेवढाच काढून पेशंटवर नियमित लक्ष ठेवता येते. प्रत्येक डिस्प्लेझियाचे उत्तर पूर्ण आतडे काढणे हे नाही. अर्थात, धोका खोटा नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आजार सुरू झाल्यापासून दहा वर्षांनी सुमारे 2 टक्के, वीस वर्षांनी 8 टक्के आणि तीस वर्षांनी 18 टक्के असा कॅन्सरचा धोका काढला होता. नंतरच्या अभ्यासांत तो त्याहून कमी आढळला, पण शून्य कधीच नाही. त्यामुळे रिपोर्ट वेगळे आले म्हणून तपासणीच सोडून देणे हा उलटा मूर्खपणा ठरेल.

पडद्यावरची काच

आता डिजिटलचा मुद्दा. पूर्वी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून काचेच्या दोन-चार जागांचे फोटो पाठवत. त्यात एक पेच होता. फोटो कुठल्या जागेचा काढायचा, हे पाठवणारा ठरवायचा. म्हणजे दुसरा डॉक्टर पहिल्याच्या नजरेनेच बघायचा. आता अख्खी काचपट्टी स्कॅन होते. बघणारा पडद्यावर हवे तिथे जातो, हवे तेवढे मोठे करतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा स्कॅनवरून थेट निदान करण्याला पहिली परवानगी दिली. पाठोपाठ 2018 मध्ये सुमारे दोन हजार प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळ निदानाशी मोठी तफावत सूक्ष्मदर्शकाने वाचताना 4.6 टक्के प्रकरणांत पडली, पडद्यावर वाचताना 4.9 टक्के. फरक नगण्य.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, पडद्यावर वाचलेली काच ही काही दुय्यम दर्जाची काच नाही. सोलापूरची काच मुंबईत बसून वाचता येते. दुसरी, पडदा आला म्हणून मतभेद मिटत नाहीत. जी अनिश्चितता पेशीत आणि बघणाऱ्याच्या मनात आहे, ती स्कॅनर पुसू शकत नाही. 'आमच्याकडे डिजिटल पॅथॉलॉजी आहे' अशी पाटी लावणाऱ्या रुग्णालयाला विचारायचा प्रश्न एवढाच : त्या यंत्रामुळे काच दोन डोळ्यांनी जास्त वाचली जाते का? नसेल, तर ते महागडे फोटो काढण्याचे यंत्र आहे.

हल्ली लोक सांगतात की आता कृत्रिम बुद्धिमत्ता येणार, माणसांचे वाद संपणार. पण त्या यंत्राला शिकवतो कोण? हजारो काचपट्ट्यांवर 'हा लो ग्रेड', 'हा अनिश्चित' अशी चिठ्ठी आधी माणसेच चिकटवतात. चिठ्ठी लावणाऱ्यांचेच जुळत नसेल, तर यंत्र एका गटाची नजर शिकेल आणि तीच न थकता, न अडखळता सांगत राहील. अडखळणारा डॉक्टर निदान दुसऱ्याला विचारतो तरी.

इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. एकमत म्हणजे सत्य नव्हे. पाच पॅथॉलॉजिस्ट एकाच गुरूकडे शिकले असतील, तर पाचही जण एकसारखेच चुकू शकतात. निदान बरोबर होते की नाही, हे शेवटी त्या माणसाचे पुढे काय झाले त्यावरूनच ठरते. लो ग्रेड म्हटलेल्यांपैकी कितीजणांना पाच-दहा वर्षांत कॅन्सर झाला, अनिश्चित म्हटलेल्यांपैकी कितीजणांना झाला? ही नोंद ठेवली तरच डोळ्यांची परीक्षा होते.

बार्शीने दाखवलेली वाट

ही नोंद ठेवण्याचे काम आपल्याकडे कोण करणार, असे म्हणणाऱ्यांना मी सोलापूरहून सत्तर किलोमीटरवरच्या बार्शीकडे बोट दाखवतो. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कर्मचारी स्वतः जाऊन लोकांना भेटत, शंका असलेल्यांना तपासणीसाठी आणत आणि नोंद ठेवत. पुढे 1999 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात 1,31,746 बायका होत्या. एचपीव्ही विषाणूची एका वेळची तपासणीसुद्धा या कॅन्सरचे मृत्यू कमी करते, हे 2009 मध्ये त्यातून जगाला कळले. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या बायकांच्या सहभागातून हे ज्ञान उभे राहिले. ज्या मुलखात हे होऊ शकते, तिथे कोलायटिसच्या काही शे पेशंटांच्या काचपट्ट्यांचा मागोवा घेणे अशक्य म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, हा आजार पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे त्याची एवढी काळजी कशाला? पण 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबातल्या घरोघरच्या पाहणीत लाखामागे सुमारे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. आपल्याकडचा पेच उलट जास्त गुंतागुंतीचा आहे. इथल्या पॅथॉलॉजिस्टसमोर आतड्याचा टीबी येतो, अमिबाच्या जखमा येतात, क्रोन्स आणि टीबी यांत फरक करताना मोठमोठ्यांना घाम फुटतो. या गर्दीत जुन्या कोलायटिसमधला डिस्प्लेझिया एका शहरातल्या एका डॉक्टरपुढे वर्षातून किती वेळा येणार? जी गोष्ट क्वचित दिसते, तिच्यावर नजर एकट्याने बसत नाही. त्यासाठी दहा शहरांतल्या काचा एकत्र वाचाव्या लागतात. स्कॅनरचा खरा उपयोग हा आहे.

सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे. बार्शीला कॅन्सर रुग्णालय आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभे राहिले आणि देशभरातली कॅन्सर केंद्रे त्याला जोडली गेली. म्हणजे सुटे भाग जागेवर आहेत. माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कोलायटिसच्या पेशंटच्या बायोप्सीत डिस्प्लेझिया किंवा 'अनिश्चित' असा शेरा आला, तर रिपोर्ट हातात देण्यापूर्वी ती काच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने वाचावी. त्याला पहिल्याचे मत आधी सांगू नये, कारण आधी सांगितलेले मत डोळ्यांवर बसते. दोघांचे जुळले नाही तर तिसऱ्याने वाचावे आणि रिपोर्टवर तिघांचेही मत लिहावे. वर्षातून एकदा विभागातल्या पॅथॉलॉजिस्टांनी त्याच पन्नास काचा वाचून आपले एकमत मोजावे. आणि सरकारी योजनांनी या दुसऱ्या वाचनाचा खर्च उचलावा. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. ऑपरेशनचा खर्च देणाऱ्या सरकारला, ते ऑपरेशन लागते की नाही हे पक्के करण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ पडेल.

डॉक्टरांची बाजू

डॉक्टर मित्रांशी बोलताना तीन आक्षेप पुन्हा पुन्हा ऐकले. तिन्ही खरे आहेत, म्हणून टाळत नाही.

पहिला, वेळ नाही. एका पॅथॉलॉजिस्टसमोर दिवसाला काचांचा ढीग असतो. मान्य. पण प्रत्येक काच दोनदा वाचा असे कोणी म्हणत नाही. मधल्या पट्ट्यातल्या, ज्यांच्यावर आतडे राहणे-जाणे ठरते, त्या मोजक्याच वाचायच्या आहेत.

दुसरा, स्कॅनर महाग आहे. तेही मान्य. पण स्कॅनर येईपर्यंत थांबायची गरज नाही. कुरियर आहे, रेल्वे आहे. मी पिशवीतून नेल्या, तशा काचा रुग्णालयाने अधिकृतपणे पाठवाव्यात. पेशंटच्या नातेवाइकाने ओळखी काढत फिरावे, यात ज्याची ओळख नाही त्याचे आतडे जाते. आमच्या घरात एक ओळखीचा डॉक्टर होता. विडी वळणाऱ्या किती बायकांच्या घरात असतो?

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. मतभेद लिहून दिला तर लोक कोर्टात जातील, नाहीतर तोडफोड करतील. ही भीती खोटी नाही आणि त्याला समाज म्हणून आपणही जबाबदार आहोत. पण कायदा डॉक्टरला मतभेदासाठी गुन्हेगार मानत नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, निर्णयातली साधी चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. 'मला अनिश्चित वाटले, म्हणून दुसऱ्याला दाखवले' असे कागदावर असलेला डॉक्टर, एकट्याच्या खात्रीवर विसंबलेल्या डॉक्टरपेक्षा कायद्यानेही जास्त सुरक्षित आहे.

आपणही काही गोष्टी शिकायला हव्यात. दुसरे मत घेणे म्हणजे रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर दुसऱ्या डॉक्टरला पाठवणे नव्हे. तो डॉक्टर फक्त पहिल्याचे अक्षर वाचतो, काच नाही. काचा आणि मेणाचे ठोकळे मागायचे असतात, पोच लिहून द्यायची असते आणि परत आणून जमा करायचे असतात. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंटने मागितलेली कागदपत्रे 72 तासांत देणे बंधनकारक आहे, हेही माहीत असावे. आणि सर्वांत अवघड धडा म्हणजे 'अनिश्चित' हा शब्द ऐकून न चिडणे. आपण डॉक्टरकडून खात्री विकत घ्यायला जातो. ज्याच्याकडे खात्री नाही तो खरे बोलतो म्हणून त्याला सोडतो, आणि खोट्या खात्रीच्या दुकानात जाऊन उभे राहतो.

भाईजानचे पुढे काय झाले, ते सांगतो. औषध बदलले, दाह उतरला, काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. या वेळच्या काचा सुरुवातीलाच दोन पॅथॉलॉजिस्टांनी वाचल्या. दोघांनीही डिस्प्लेझिया नाही असे लिहिले. म्हणून पहिला रिपोर्ट खोटा ठरत नाही. दुर्बिणीच्या चिमट्यात या वेळी दुसरी जागा आली असेल, असेही होऊ शकते. त्यामुळे ठरावीक मुदतीने तपासणी चालूच राहणार आहे आणि प्रत्येक वेळी घरात आठवडाभर कोणी मोठ्याने बोलणार नाही. पण आतडे जागेवर आहे. माणूस मागावर उभा आहे.

खालाने विचारले होते, किसकी सुनना? आज मी तिला सांगेन, ज्याने एकट्याने ठरवले नाही, त्याचे ऐक. आणि ज्यांच्याकडे रेल्वेने काच घेऊन जाणारा कोणी नाही, त्यांच्यासाठी ही काच रुग्णालयानेच दुसऱ्याकडे न्यावी, एवढीच माझी मागणी आहे.